‘शाकाहारी’ माशावर माझा भरवसा नाही



मृगाचा पाऊस झाला की आपल्या भागात दोन तऱ्हेच्या गाड्या फिरायला लागतात. एक बियाणं-खताच्या आणि दुसऱ्या मत्स्यबीजाच्या. ऑक्सिजन भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यात जिऱ्याएवढी वळवळणारी पिल्लं, आणि विकणाऱ्याच्या तोंडात ठरलेलं वाक्य, "दादा, सगळा शाकाहारी माल आहे, एकमेकाला खात नाही. सोडा आणि विसरा."

आज या एका वाक्याबद्दलच लिहायचं आहे, कारण या वाक्यापायी आपल्याच लोकांचे पैसे पाण्यात जातात, आणि आता ओढ्याचंही वाटोळं व्हायला लागलंय. माझं मत सरळ सांगतो. माशात शाकाहारी-मांसाहारी अशी पक्की भिंत नाही. माशाला हात नाहीत, चूल नाही, माळ नाही. जे समोर आलं, जे तोंडात मावलं आणि जे पळून जाऊ शकलं नाही, ते त्याचं जेवण. बाकी सगळी नावं आपण आपल्या सोयीनं ठेवलीत.

शिकारी मासे कोणते ते आपल्याकडं लहान पोराला पण माहीत असतं. मरळ, मांगूर, वाम, शिंगटा. यांच्या तोंडाकडं बघितलं तरी कळतं. मोठा जबडा, आत बारीक दात, काहींना मिशा. आफ्रिकन मांगूर तर एवढा खादाड की केंद्र सरकारनं २००० साली त्याच्यावर बंदी घातली. ही मंडळी तळ्यात दिसली की आपण सावध होतो. मरळ दिसली की गडी लगेच गळ घेऊन बसतो. माझी तक्रार यांच्याबद्दल नाही. दरोडेखोर ओळखू येतो, त्याचा बंदोबस्त करता येतो. नुकसान होतं ते साध्या तोंडाच्या पाहुण्यामुळं.

आता कुणी म्हणेल, गवत खाणारा प्राणी मांस कसा खाईल? त्यासाठी तळ्यावर जायची गरज नाही, गोठ्यात बघा. चाऱ्यात फॉस्फरस कमी पडला की गाय हाडं चघळते, जुनी चप्पल चघळते, भिंत चाटते. तेवढ्यावरून गाय मांसाहारी झाली असं कुणी म्हणत नाही. कोंबडी दिवसभर दाणे टिपते, पण पाल नाहीतर उंदराचं पिल्लू सापडलं तर ते घेऊन कशी पळते आणि बाकीच्या कोंबड्या तिच्यामागं कशा लागतात ते सगळ्यांनी बघितलंय. खुराड्यातली एखादी कोंबडी स्वतःचंच अंडं फोडून खायला लागली की तिची ती सवय मोडत नाही. मासा याच्या पलीकडचा नाही. त्यात आपली शेततळी प्लॅस्टिकच्या कागदाची. खाली माती नाही, चिखल नाही, गवत नाही, किडा-गांडूळ नाही. भुकेलेला मासा तिथं काय खाणार? शेजारचा लहान मासाच.

एकेकाची हकीकत सांगतो.

कटला. मोठं डोकं, वर उघडणारं तोंड, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा. याला सर्रास शाकाहारी म्हणतात. पण कटल्याचं मुख्य अन्न म्हणजे पाण्यातले बारीक प्राणी. हिरव्या पाण्याचा पेला उन्हात धरून बघा, ठिपक्याएवढं काहीतरी टुणटुण उड्या मारताना दिसेल. ते वनस्पती नाही, ते खेकड्या-झिंग्यांच्या खानदानातले जीव आहेत. कटला ते गाळून खातो. आपल्याला दिसत नाहीत म्हणून ते शाकाहारी जेवण झालं. रोहू मोठेपणी शेवाळ, कुजलेला पाला खातो हे खरं, पण त्याची पिल्लं लहानपणी याच किड्यांवर वाढतात. गवत्याची सुद्धा. म्हणून तर बीज सोडायच्या आधी आपण तळ्यात शेण टाकतो. शेण पिल्लांना खायला नसतं, शेणावर जे किडे तयार होतात ते खायला असतं. हे साधं गणित विकणारा सांगत नाही.

गवत्या. हा चीनकडचा मासा, आपल्या देशात १९५९ साली आणला. पाणवनस्पती फडशा पाडून खातो, घास कापून टाकला तर तो पण खातो. आमच्याकडं एक माळकरी तात्या आहेत, घरात अंडं सुद्धा येत नाही. त्यांच्या तळ्यात पाणगवत माजलं तेव्हा कुणीतरी गवत्या सोडायला सांगितला. तात्यांनी तीनदा विचारलं, "हा नुसतं गवतच खातो ना?" समोरच्यानं शपथेवर सांगितलं. गवत साफ झालं, तात्या खूश. पुढं गवत संपलं, तात्यांचं टाकायचं ध्यान राहिलं नाही, आणि पोरांनी गांडूळ लावून गळ टाकला तर पहिला गवत्याच लागला. तात्या म्हणाले, "ह्यानं माळ कधी काढली?" मी म्हणालो, तात्या, घातली कधी होती? गवत संपलं की गवत्या किडे, गांडूळ आणि सापडलं तर बारीक मासळी पण घेतो. त्याच्या जबड्यात दात नाहीत म्हणून लोक फसतात. या कार्प जातीच्या सगळ्याच माशांचे दात घशात असतात. मुंडकं चिरताना हाताला लागतात बघा, फणीसारखे. तोंडानं ओढायचं आणि घशात रगडायचं. यांना पोट म्हणून वेगळी पिशवी पण नसते, सरळ आतडं. त्यामुळं एका वेळी मोठा घास जमत नाही, पण बारीक बारीक दिवसभर चालू असतं.

सायप्रिनस. हा तळ उकरणारा. डुकरानं रान उकरावं तसा चिखलात तोंड घालून ओढतो, नको ते थुंकतो. किडे, गोगलगायी, कुजलेलं, पेंड, सगळं चालतं. रोहू-कटला-मृगळ साठलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. सायप्रिनस मात्र तळ्यातच घालतो. अंडी चिकट, पाणगवताला चिकटून बसतात. आणि ज्यांनी घातली तेच नंतर ती टिपत बसतात. ही माझी मनची गोष्ट नाही. बीज तयार करणारे लोक पाण्यात गवताच्या जुड्या सोडतात आणि अंडी चिकटली की जुड्या उचलून दुसऱ्या हाप्यात नेतात, ते याचसाठी. आई-बापाजवळ अंडी ठेवायची नाहीत हा त्या धंद्यातला पहिला धडा आहे. मग तुमच्या तळ्यात मागच्या वर्षीचे दीड-दोन किलोचे सायप्रिनस तसेच आहेत आणि त्यातच तुम्ही या वर्षी जिऱ्याएवढं बीज ओतता, तर काय होणार?

आता चिलापी. आमच्या भागात हिच्याबद्दल बोलल्याशिवाय माशाची गोष्ट पुरी होत नाही. उजनीच्या काठानं जेवढे ढाबे आहेत तिथं चिलापीचंच राज्य. मी पण आवडीनं खातो, खोटं कशाला बोलू. काटे कमी, चव चांगली. पण ही भीमेची नाही. मूळची आफ्रिकेतली. आपल्या देशात १९५२ साली श्रीलंकेतून तमिळनाडूच्या मंडपमला आणली, आणि सात वर्षांतच, म्हणजे १९५९ साली, हिचा प्रसार करू नका असं सरकारी समितीनंच सांगितलं. तोवर उशीर झाला होता. भीमेवर उजनीचं धरण १९८० ला झालं, एवढं मोठं साठलेलं पाणी चिलापीला आयतंच मिळालं.

पुस्तकात चिलापीचं अन्न शेवाळ, पाला, गाळ असं लिहिलेलं असतं. बरोबर आहे, पोट चिरलं तर बहुतेक वेळा हिरवा-काळा गाळच निघतो. पण हिची माया बघा. मादी अंडी तोंडात धरते, फुटली तरी पिल्लं तोंडातच, दहा-बारा दिवस अशी सांभाळते. तेवढे दिवस ती धड खात पण नाही. धोका दिसला की पिल्लं परत आईच्या तोंडात. बघितलं तर डोळ्यात पाणी येईल. आणि हीच जात दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी, दुसऱ्याची पिल्लं, आणि आधी जन्मलेली पिल्लं नंतर जन्मलेल्या पिल्लांना गिळतात. एका आईच्या तोंडात सुरक्षित, दुसरीच्या तोंडात घास. नर चिखलात खळगा करून बसतो आणि आसपास फिरकणाऱ्याला हाकलतो, त्यामुळं आपल्या इथल्या माशांना काठाची उथळ जागा मिळत नाही. अंडं घालायला जागा नाही, घातलंच तर ते टिपायला शंभर तोंडं. मोठ्या माशाला चिलापी काहीच करत नाही. त्याची पुढची पिढी येऊ देत नाही एवढंच. आमच्या लहानपणी जाळ्यात जेवढ्या तऱ्हा यायच्या तेवढ्या आता येत नाहीत. धरणामुळं प्रवाह थांबला, वरून शहरांची घाण येते, बारीक जाळ्यांनी लहान मासा पण काढला जातो, ही कारणं मोठी आहेत आणि ती मी नाकारत नाही. पण चिलापीला त्यातून सोडू नका.

शेततळ्यात ती कुठून येते? बहुतेक वेळा मोटरीनं. ओढ्यातनं नाहीतर कालव्यातनं पाणी उचललं की फुटबॉलच्या जाळीतनं पिल्लं आत येतात. दोन-तीन महिन्यांत, बोटभर झाली की ती अंडी घालायला तयार. मग तुमचा रोहू-कटला राहतो बाजूला आणि तळं भरतं बोटाएवढ्या चिलापीनं, जिला बाजारात कुणी विचारत नाही. आता गिफ्ट जातीची, सगळे नर असलेली चिलापी परवानगी घेऊन पाळता येते, तो वेगळा विषय. तिथं पिल्लंच होत नाहीत म्हणून हा त्रास कमी. पण परवान्याशिवाय आणि बंदोबस्ताशिवाय ती ओढ्याच्या वर पाळू नका.

पाण्याबरोबर अजून एक पाहुणा येतो. बोटाच्या दोन पेरांएवढा, चपटा, आरपार दिसणारा, आतला काटा सुद्धा दिसतो. आमच्याकडं पोरं त्याला काचमासा म्हणतात. खालचा जबडा थोडा पुढं आलेला. एवढंसं ते, याला कोण शिकारी म्हणेल? पण हा दुसऱ्या माशांची खवलं तोडून खातो. खरंच सांगतो, जाणकारांनी त्याचं पोट तपासून हे नोंदवून ठेवलंय. मासा मारत नाही, अंगावरचा दागिना काढून नेतो. खवल परत येतं, पण जखमेवर बुरशी बसते, आणि आपण म्हणतो तळ्यात रोग आला. औषधवाल्याकडं जायच्या आधी पाण्यात काचमासे आहेत का ते बघा.

आता ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसलो तो विषय. गप्पी आणि गंबुशिया.

दर पावसाळ्यात गावात डेंग्यू-हिवतापाची मोहीम निघते. चांगलं काम आहे, त्यात शंका नाही. भिंतीवर गप्पी मासे पाळायचं लिहिलेलं असतं, आणि बादलीतनं मासे आणून हौदात, टाकीत, विहिरीत सोडतात. डासाच्या अळ्या खातात. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. डेंग्यूनं माणूस दवाखान्यात पडला की माशाचं तत्त्वज्ञान कुणाला सुचत नाही. माझं म्हणणं पुढं आहे. हौदात सोडून उरलेली बादली ओढ्यात नाहीतर शेततळ्यात ओतायची जी पद्धत पडलीय, ती बंद झाली पाहिजे.

लोक दोन्हीला गप्पीच म्हणतात, पण मासे दोन आहेत. गप्पीचा नर रंगीत, शेपटी सुंदर, शहरात काचेच्या पेटीत ठेवतात तो. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. गंबुशिया मळकट, करडा, त्याला बघून कुणी वाहवा म्हणणार नाही. तो अमेरिका-मेक्सिकोकडचा, इटलीमार्गे १९२८ साली आपल्या देशात आणला. दोघांचंही तोंड वरच्या बाजूला उघडतं, दोघंही अंडी घालत नाहीत, सरळ जिवंत पिल्लं देतात. त्यामुळं वाढ कशी होते विचारू नका. एक पोटुशी मादी ओढ्यात गेली तरी पुरे.

दोघांनाही ‘डासाच्या अळ्या खाणारा मासा’ असं नाव पडल्यामुळं लोकांना वाटतं, हे दुसरं काही खातच नाहीत. अहो, अळी म्हणजे काय? पाण्यात वळवळणारा बारीक जीव. नुकतं जन्मलेलं रोहूचं पिल्लू म्हणजे काय? पाण्यात वळवळणारा बारीक जीव. गंबुशियाला फरक करायचं कारण काय? तो माशाची अंडी खातो, पिल्लं खातो, बेडकाची पिल्लं खातो, आणि गिळता आलं नाही तर मोठ्या माशाचे पर कुरतडतो. दोन इंचाचा मासा! ऑस्ट्रेलियात डासांसाठी म्हणूनच शंभर वर्षांपूर्वी सोडला होता, आता तिथले लोक त्याच्या नावानं डोक्याला हात लावतात, कारण तिथले मूळचे बारीक मासे आणि बेडूक त्याच्यापायी हटले. न्यूझीलंडमध्ये तो नको असलेल्या जिवांच्या सरकारी यादीत आहे. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जिवांची जी यादी आहे, तिच्यात आपला हा मळकट गडी आहे. गप्पी त्यामानानं सौम्य. पण सौम्य म्हणजे किती? पेटीत गप्पी पाळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. पिल्लं झाली की आईपासून वेगळी करावी लागतात, नाहीतर सकाळपर्यंत निम्मी उरत नाहीत.

आमच्या वस्तीवरच्या एका पोरानं मागं शेततळं केलं. शिकलेला पोरगा, हिशोब लिहून ठेवणारा. डास होतात म्हणून कुणीतरी तळ्यात गप्पी म्हणून मासे सोडले, ते निघाले गंबुशिया. पुढच्या पावसाळ्यात त्यानं त्याच पाण्यात तीन पिशव्या जिरे ओतले. दिवाळीला जाळं ओढलं तर मोठे मासे बोटांवर मोजण्याएवढे, आणि जाळ्याच्या भोकातनं करड्या माशांची नुसती झुंड गळतेय. त्याला सांगितलं गेलं, पाणी खराब असेल, ऑक्सिजन कमी पडला असेल. पाणी उत्तम होतं. बीज सोडल्यावर पहिल्या आठवड्यातच संपलं होतं. मेलेलं पिल्लू तरंगताना दिसतं, खाल्लेलं दिसत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

बरं, आपल्या ओढ्यात डासाच्या अळ्या खाणारे मासे नव्हते का? होते की. पाण्याच्या अगदी वर राहणारा, डोक्यावर चांदीचा ठिपका चमकतो तो मासा, अळ्यांचा काळ आहे. दांडवण आहे. हे पण बारीक पिल्लं खातात, मी यांना संत म्हणत नाही. यांना पण बीजाच्या तळ्यात ठेवायचं नाही. पण यांच्याबरोबर राहायला आपले मासे आणि बेडूक पिढ्यान्‌पिढ्या शिकलेत. ओढा आटतो, पूर येतो, परत भरतो, यात सगळ्यांचा हिशोब बसलेला आहे. परक्याचा बसलेला नाही. आणि बेडूक गेले तर नुकसान कुणाचं? रात्रभर रानातले किडे खाणारा तोच आहे, आणि त्याला मजुरी द्यावी लागत नाही.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. "मोठा मासा लहान माशाला खातो, हे काय नवीन आहे का? मत्स्यन्याय म्हणतात त्याला." शब्द जुना आहे, बरोबर. पण नीट ऐका, त्यात मोठा आणि लहान एवढंच आहे. मरळ आणि रोहू असं नाही. म्हणजे जुन्या लोकांना माहीत होतं की यात जातीपेक्षा आकार महत्त्वाचा. आपणच मध्ये शाकाहारी-मांसाहारी घुसडलं. आणि राजा पाहिजे तो हा न्याय थांबवायला, असं पण जुने लोक सांगायचे. शेततळ्याचा राजा कोण? सातबारा ज्याच्या नावावर आहे तो.

देवमाशाचं एक सांगतो, जरा विषय सोडून. महाडजवळ वाळण कोंड आहे, तिथं नदीच्या डोहात देवाचे मासे राखलेत. भाविक कुरमुरे टाकतात आणि हे मोठमोठे मासे तोंडं वर काढून येतात. कुणी धरत नाही, मारत नाही. माणसानं श्रद्धेनं मासा राखला, याच्याइतकी चांगली गोष्ट नाही. पण तिथं लोक म्हणतात, देवाचा मासा आहे, कुरमुऱ्यावरच राहतो. तो महसीर आहे. नदीकाठच्या झाडाचं पडलेलं फळ खातो, शेवाळ खातो, गोगलगाय-खेकडा खातो आणि बारीक मासे पण खातो. कावेरीवर याला गळानं धरायचे तेव्हा नाचणीचा गोळा लावला तरी लागायचा आणि माशासारखा चमकणारा पत्र्याचा चमचा ओढला तरी लागायचा. त्यानं त्याचं देवपण कमी होत नाही. उलट डोह जर राखायचा असेल तर त्यात बारीक मासे, खेकडे सगळं राखावं लागेल, नुसत्या कुरमुऱ्यावर भागणार नाही.

बरं, मग करायचं काय? मी मासेतज्ज्ञ नाही, दहावी पास शेतकरी आहे. पण जे करून बघितलंय आणि जे मत्स्यशेतीच्या शिकवणीत सगळीकडं सांगतात ते सांगतो.

पहिलं म्हणजे जिरे तळ्यात ओतू नका. स्वस्त पडतं म्हणून लोक घेतात. बोटुकली घ्या, निदान आपल्या बोटाएवढी, जमलं तर चार इंचाची. महाग पडते, पण बहुतेक तोंडांत मावत नाही. इथंच निम्मी लढाई जिंकली. आणि आकडा आवरा. शेततळं ३० बाय ३० मीटरचं धरा, म्हणजे ९०० चौरस मीटर. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकलीचा हिशोब असतो, त्या हिशोबानं तुमच्या तळ्याला साडेचारशे ते नऊशे बोटुकली पुष्कळ झाली. आणि विकणारा म्हणतो, पाच हजार जिरे सोडा, मरून-मरून हजार तरी राहतील. हा हिशोब मला पटत नाही. मरून म्हणजे कुणाच्या पोटात जाऊन, ते सांग की बाबा. शिवाय जे वाचतात ते सगळे एका मापाचे नसतात. काही फुगतात, काही खुरटतात, आणि मग फुगलेला खुरटलेल्याच्या मागं लागतो. कटला, रोहू, मृगळ ४:३:३ या प्रमाणात घ्या, तिघं तीन थरांत खातात, भांडण कमी होतं.

दुसरं, उन्हाळ्यात तळं एकदा पूर्ण आटवा. कागदाच्या तळ्यात हे सोपं आहे. कोपऱ्यात ओंजळभर पाणी राहिलं तरी गंबुशिया त्यात तग धरतो, म्हणून कोपरे पुसून घ्या, चार दिवस ऊन लागू द्या. मातीचं तळं असेल आणि आटत नसेल तर मोहाची पेंड. हेक्टरला मीटरभर खोलीला अडीच हजार किलो सांगतात, म्हणजे वरच्या मापाच्या तळ्याला २२५ किलो. सगळे मासे मरतात, आणि नंतर तीच पेंड कुजून खत होतं. विषार उतरायला पंधरा ते वीस दिवस द्या, घाई करू नका. आणि ते पाणी तेवढे दिवस ओढ्यात अजिबात सोडू नका, नाहीतर माझं वरचं सगळं लिहिणं फुकट.

मोटरीच्या पाइपच्या तोंडाला मच्छरदाणीचं दुहेरी कापड बांधा. पिशवीसारखं लांब बांधा, नाहीतर दाबानं फाटतं.

ज्यांना जिरेच आणून स्वतः वाढवायचे आहेत, त्यांनी वेगळा छोटा खड्डा करावा आणि तिथं माशापेक्षा किड्यांची भीती धरावी. पाणढेकूण, चतुराच्या अळ्या हे जिरे एकेक पकडून शोषतात. त्यांना श्वास घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं (चतुराच्या अळीला नाही, ती हातजाळ्यानंच काढावी लागते). पाण्यावर तेलाचा पातळ थर दिला की वर येणारे गुदमरतात. गुंठ्याला साधारण ५६० ग्रॅम खायचं स्वस्त तेल आणि १८० ग्रॅम कपड्याचा साबण, साबण पाण्यात विरघळवून तेल त्यात घोटायचं आणि वारा नसताना शिंपडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बीज सोडायचं. वारा असला की थर एका बाजूला जातो, मग काही उपयोग नाही.

डासांसाठी शेततळ्यात गप्पी सोडायची तशी गरज पडत नाही. रोहू-कटल्याची बोटुकली फिरत असली, कडेचं गवत काढलेलं असलं आणि पाण्याला हालचाल असली की अळ्या फार टिकत नाहीत. डास होतात ते घराजवळच्या साठवणीत. टायर, कुंड्या, उघड्या टाक्या, जनावरांचे हौद. तिथं गप्पी ठेवा की, खुशाल ठेवा. फक्त हौद धुताना ते पाणी गटारीतनं ओढ्याला जातं का ते बघा. आमच्या गावात जातं.

म्हणून ग्रामसभेला मी अर्ज दिलाय. मोहिमेतले मासे फक्त बंदिस्त हौद-टाकीत सोडावेत, ओढ्यात, बंधाऱ्यात आणि कुणाच्या शेततळ्यात मालकाला विचारल्याशिवाय सोडू नयेत, आणि बादलीत गप्पी आहे की गंबुशिया ते आधी बघावं, एवढंच लिहिलंय. एक-दोघं हसले, म्हणाले रस्त्याचं बोला, माशाचं काय घेऊन बसलाय. बसू द्या हसत. सभा येत्या शुक्रवारी सकाळी दहाला आहे, ज्यांची शेततळी ओढ्याच्या खालच्या अंगाला आहेत त्यांनी तरी या. येताना पाण्यातली चार करडी पोरं बाटलीत घालून आणा, म्हणजे सगळ्यांना ओळख होईल.